'ए' सोडून 'बी' घेतला

गेल्या हिवाळ्यात माझ्या फोनचं चार्जिंग पोर्ट सैल झालं. केबल एका ठरावीक कोनात धरली तरच फोन चार्ज व्हायचा. इथे जर्मनीत दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने तो उलटासुलटा करून परत दिला. "पार्ट मिळत नाही. उघडताना स्क्रीन गेली तर माझी जबाबदारी नाही." फोन तीन वर्षांचा, बाकी सगळं ठणठणीत!

नवा घेताना ठरवलं, आधी लेबल बघायचं, कॅमेऱ्याचं नंतर. २० जून २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये बाजारात येणाऱ्या स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर फ्रिजसारखं वीजबचतीचं 'ए' (सर्वांत चांगलं) ते 'जी' लेबल सक्तीचं आहे. दुकानातल्या एका मॉडेलवर ते नव्हतंच. त्या तारखेआधी बाजारात आलेला माल असेल तर तसं चालतं, हे तिथे कळलं.

विक्रेत्याने लगेच हिरव्या 'ए'वर बोट ठेवलं. मीही भुललो असतो. पण शेजारच्या 'बी' फोनवर एका चार्जमध्ये ५२ तास लिहिले होते आणि या 'ए'वर ४१! घरी जाऊन हा गुंता सोडवला. मोठं अक्षर फोन किती वेळ चालतो हे सांगतच नाही. बॅटरीतल्या प्रत्येक वॅट-तासामागे (साठवलेल्या विजेचं एकक) किती वेळ मिळतो, ते सांगतं. बॅटरी लहान असली तरी काटकसरी फोनला 'ए' मिळू शकतो. फोनची वीज ती केवढी, त्यात बचत होऊन होऊन किती होणार?

माझ्या कामाच्या गोष्टी खालच्या छोट्या चौकटींत निघाल्या. पडण्याला वेगळी श्रेणी, 'ए' ते 'ई'. साध्या, घडी न होणाऱ्या फोनला तिथे 'ए' हवा असेल तर किमान २७० वेळा पडून टिकावं लागतं. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंत किती चार्जिंग फेऱ्या होतात, तेही छापलेलं असतं. ८०० तर किमान हव्यातच. आणि पाना-स्क्रूड्रायव्हरच्या चित्राशेजारी दुरुस्तीची श्रेणी. त्या 'ए' फोनची दुरुस्ती 'डी' होती, 'बी'वाल्याची 'ए'.

या अक्षरामागे सहा गोष्टींचे गुण असतात. भागापर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतात, याला सर्वाधिक २५ टक्के वजन. स्क्रू, हत्यारं, सुटे भाग, सॉफ्टवेअर अपडेट आणि दुरुस्तीची माहिती यांना प्रत्येकी १५. म्हणजे 'ए' दिसला की उघडणं सोपंच, असं डोळे झाकून म्हणता येत नाही. जागोजागी गोंद आणि भरपूर अपडेट, असाही हिशोब बसू शकतो की काय, अशी शंका मला आजही आहे.

लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की युरोपियन युनियनच्या नोंदवहीतलं त्या मॉडेलचं पान उघडतं. तिथून मी कंपनीच्या सुट्या भागांच्या किमतींपर्यंत पोचलो. हे दर जाहीर करणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षं भाग पुरवावे लागतात. यादी सरकवत थेट चार्जिंग पोर्टवर गेलो. करपूर्व २२ युरो. ते पान सेव्ह केलं आणि मगच 'बी' फोनचे पैसे भरले.

जुना फोन आता गजराचं घड्याळ म्हणून उशाशी असतो. केबलला रबरबँड लावून तो कोन पक्का केलाय.