बोगदा आला की उठायचं

९ जून, सोमवार

शिंप्याकडून गणवेश आणला आणि लेकीचं पोट दुखायला लागलं. मापाला घालून बघ म्हटलं, तर बटणं लावता लावताच म्हणाली, "मम्मी, कळ येतीया." गणवेश काढला, फ्रॉक घातला आणि ही अंगणात लगोरी खेळायला. आत्या (माझ्या सासूबाई) दारातूनच म्हणाल्या, "नाटकं हाईत सगळी." खोटं कशाला लिहू, मलाही मनातून तेच वाटलं. पण रात्री ताटावर बसली तेव्हा तोंड उतरलेलं होतं आणि अर्धी भाकरी तशीच राहिली. एवढं नाटक दहा वर्षांच्या पोरीला जमत नाही.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. आता पाचवी, साताऱ्यातलं हायस्कूल, सेमी इंग्रजी, सकाळची शाळा. भरायची वेळ सात वीस, म्हणजे एसटी सव्वासहाची. सोमवारी सोळा तारखेला शाळा उघडतेय.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. वडापाशी सात जन्मांचं कुणी काढलंच नाही. सूत गुंडाळता गुंडाळता सगळ्यांचं चाललं होतं ते वह्यांचं, रेनकोटचं, व्हॅनवाल्याच्या वाढलेल्या पैशांचं. एकीचा मुलगा नववीत गेलाय, तिला आत्तापासूनच दहावीची झोप लागत नाही. मी अंगणवाडीची सेविका म्हणून बायका मला विचारतात, पोरगं रडलं तर काय करायचं. मी सांगते ठेवणीतलं उत्तर: नजर चुकवून पळून जाऊ नका, "साडेबाराला न्यायला येते" असं तोंडावर सांगा, दाराशी रेंगाळू नका आणि साडेबारा म्हणजे साडेबारालाच या. पोराचा भरवसा घड्याळावर नसतो, तुमच्या शब्दावर असतो.

सांगताना माझ्याच पोटात गोळा आला होता. तो कुणाला दिसला नाही, एवढंच.

११ जून, बुधवार

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी शरीराचंच सगळं विचारलं. दुखण्यानं रात्री जाग येते का? ताप, उलटी, जुलाब, लघवीला जळजळ? वजन घटलंय का? सगळ्याला नाही. पोट दाबून बघितलं. मग म्हणाले, "रविवारी दुखतं का?"

म्हटलं, सुट्टीत रोजच रविवार की. पण गणवेश दिसला की दुखतं.

ते हसले नाहीत. लेकीकडे बघून म्हणाले, "हिचं खोटं दुखत नाही बरं का." पोटात नसांचं मोठं जाळं असतं आणि डोक्याशी त्याचं सारखं बोलणं चाललेलं असतं. भीती वाटली की आतडी आवळतात, त्याची खरीच कळ येते. "परीक्षेच्या आधी तुम्हाला कधी संडासला पळावं लागलं नाही का?" हे मला. लागलं होतं की, सेविकेच्या मुलाखतीच्या दिवशी दोनदा.

आणि एक ठणकावून सांगितलं. दुखतं म्हणून घरी ठेवायचं नाही. घरी राहिली की लगेच बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी जाणं आणखी अवघड होतं. ताप नसेल तर थोडा वेळ जवळ बसा, पोट शेकायला द्या आणि गाडीत बसवा. दोन-तीन आठवड्यांनीही असंच राहिलं, खाणं-झोप तुटली, तर परत आणा. कागदाच्या मागं टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, नंबर लिहून दिला, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. "पालकांनीही करायचा असतो," म्हणाले. हे माझ्याकडे बघून म्हणाले की सहजच म्हणाले, काय माहीत.

बाहेर पडल्यावर लेक एकदम मोकळी. औषध नाही, गोळी नाही. खोटं दुखत नाही, एवढं मोठ्या माणसानं म्हटलं होतं फक्त.

१२ जून, गुरुवार

आज रंगीत तालीम. एसटीत ती पुढच्या बाकावर एकटी, मी मागं, ओळख नसल्यासारखी. ठरवलं होतं ते असं: बोगदा आला की उठायचं, दप्तर पाठीला लावायचं, समर्थ मंदिर गेलं की दाराकडं सरकायचं, राजवाडा आला की उतरायचं. परळीकडून येणाऱ्याला एवढी सोपी खूण दुसरी नाही. डोंगराच्या पोटातून गाडी अंधारात शिरते, त्या वेळी डुलकी लागलेलं माणूसही जागं होतं.

गाडी बोगद्यात शिरली आणि मीच मागून ओरडले, "बोगदा आला गं!" अख्खी गाडी वळून बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "ताई, रोजच येतो." लेकीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. तिला नेमकी किती लाज वाटली ते उतरल्यावर तिनं चार वाक्यांत सांगितलं.

शाळा बंदच होती, पण शिपाईमामांनी आत सोडलं. मी नोटीस बोर्ड शोधत होते, फी, पुस्तकं, सेमीचे वर्ग. लेक विचारत होती, संडास कुठं आहे? पाणी कुठं प्यायचं? आणि हळू आवाजात, बाईंना इथं 'बाई' म्हणायचं की 'मॅडम'? महिनाभर मी इंग्रजीतलं गणित कसं झेपेल याच्या काळजीत. तिच्या यादीत गणित नव्हतंच. मामांनी नळ सोडून दाखवला, ती ओंजळीनं प्यायली.

येताना राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलवरून आलो. म्हटलं, बाबासाहेब आंबेडकर इथंच शिकले. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव या शाळेत घातलं, म्हणून तर आपण ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस करतो. मग लहानपणी त्यांना वर्गात कोपऱ्यात वेगळं बसवायचे तेही सांगितलं. बसायचं गोणपाट घरून आणायचं आणि परत घरी न्यायचं, नळाला हात लावायचा नाही, शिपाई नसला तर तहान मारायची.

ती बराच वेळ गप्प. मोती चौकात रेनकोट बघताना एकदम म्हणाली, "मग डब्याला त्यांच्याशेजारी कोण बसायचं?"

मी काय बोलणार. त्यांनी सोसलं त्याच्याशी आपल्या कशाचीच तुलना नाही, ते तिला कळायला अजून वेळ आहे. पण प्रश्न तिच्या तोंडून आला तसा मला ऐकू आला. थोड्या वेळानं विचारलं, तुझ्याशेजारी कोण बसणार असं वाटतंय का? मान हलवली. चौथीत वर्गात सगळी मिळून चौदा पोरं होती, गोल करून जेवायची. इथं पाचवीच्या एका तुकडीत साठ, आणि ओळखीचं एकही नाही.

पोटदुखी ती ही होती.

१४ जून, शनिवार

आज अंगणवाडीच्या काट्यावर दप्तर ठेवलं. चार किलो तीनशे. लेक सत्तावीस किलोची. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा केंद्राच्या २०२० च्या धोरणात नियम आहे, म्हणजे दोन किलो सातशे. गाइड काढलं, जाड वह्या काढून शंभर पानी घातल्या, बाटली अर्धी भरली. नळ कुठं आहे ते आता माहीत आहे.

झोपेचा घोळ मोठा. सुट्टीत रात्रीचे साडेअकरा, सकाळचे नऊ. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. सव्वापाचला उठायचं म्हणजे निदान सव्वाआठला आडवं व्हायला हवं. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असं सरकारनं २०२४ मध्ये काढलंय, ते झोपेसाठीच; पाचवीतलं पोर एका सुट्टीत एवढं मोठं होतं होय? पाच तारखेपासून दोन-दोन दिवसांनी अर्धा अर्धा तास मागं ओढत आणलंय, अजून साडेनऊवरच आहे. टीव्ही आठला बंद म्हटल्यावर आत्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. त्यांची मालिका साडेआठची.

हे पुण्याहून आले. कंपनीत असतात, शनिवारी येतात. आल्या आल्या, "सेमीत घातलंय, आता मागं पडायचं नाही हां बाळा." लेकीचा हात पोटावर गेला. मी त्यांना चहाच्या निमित्तानं मागं बोलावलं आणि डब्याचं सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, आठवीला मुंबईला काकाकडं गेलो तेव्हा महिनाभर डबा जिन्यात खाल्ला. बारा वर्षांच्या संसारात हे मला आज कळलं. रात्री त्यांनी तिलाही सांगितलं. पुढं काय झालं, हे तिनं तीन वेळा वदवून घेतलं.

१६ जून, सोमवार

रात्री मला झोप नाही, तिला लागली. पाचला उठवलं तर कळ आलीच. गरम पाण्याची पिशवी दिली, जवळ बसले. "दुखतंय, माहितेय मला. गाडी सव्वासहाची आहे." आत्या शनिवारपासून मुक्या होत्या, पण मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि दृष्ट काढली. डब्यात शेंगदाण्याचे दोन लाडू त्यांनीच जास्तीचे घातले. "कुणी बसलंच शेजारी तर," एवढंच बोलल्या.

थांब्यावर आठवीतल्या दोघी होत्या. पास अजून नाही. पाचवीपासून बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, पण शाळेचा दाखला लागतो, तोवर अर्धं तिकीट. सुट्टे पैसे तिच्या मुठीत दिले. मला आणखी चार गोष्टी सांगायच्या होत्या. तेवढ्यात गाडी आली, ती चढली, कंडक्टरनं डबल बेल मारली. एसटीच बरी. आईला दाराशी रेंगाळू देत नाही.

नऊला अंगणवाडीत तीन वर्षांचं एक पोरगं आईचा पदर सोडेना. त्याची आई रडवेली. मी तिला म्हटलं, "जा तुम्ही, साडेबाराला या," आणि त्याला कडेवर घेतलं. त्याला थोपटत होते की स्वतःला, देव जाणे. पावणेदहाला शेवटी आठवीतल्या पोरीच्या आईकडं फोन केलाच.

दीडला लेक आली. दप्तर फेकलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ताट वाढलं आणि गप्प बसले. किती अवघड असतं ते. भाताशी आल्यावर स्वतःच म्हणाली, "बाईच म्हणायचं असतं." थोड्या वेळानं, "एक लाडू तिनं खाल्ला."

"कुणी?"

"शेजारचीनं. नाव विचारायचं राहिलं."

१८ जून, बुधवार

काल परत दुखलं. रडली, तरी गेली. आज कमी. नाव अजून विचारलेलं नाही. "आता दोन दिवस झाले, आता कसं विचारायचं?" म्हणते. तिचं बरोबर आहे, मोठ्यांचंही असंच होतं.

२१ जून, शनिवार

पास आला. नावही कळलं, पण ते तिचं गुपित आहे, मला सांगितलेलं नाही. सकाळी पोटाचं काही म्हणाली नाही. मी थांब्यावर उगाच पदराशी चाळा करत उभी, तर माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला कळ येतीया का?"

"थोडी."

"खोटी नसती ती," म्हणाली आणि गाडीत चढली.