तुम्ही विचारलंत म्हणून: ध्येय कुठे लिहायचं?

बचत गटांच्या प्रशिक्षणात मला अधूनमधून बोलायला बोलावतात. बोलणं संपलं की एखादी तरी विचारतेच, "ताई, तुम्ही ध्येय कसं ठरवता? धंद्याचं वेगळं आणि घराचं वेगळं ठेवता का?" तेवढ्यात चहा येतो आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून आज नीट लिहिते.

सांगलीत माझा वर्षाच्या चटणीचा धंदा आहे. बाहेर ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, त्याला आमच्याकडे चटणीच म्हणतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठं खुडायची, खडा मसाला तेलावर परतायचा आणि मग कांडप. फेब्रुवारी ते मे हा आमचा सीझन. पाऊस पडायच्या आत लोकांच्या बरण्या भरायला हव्यात, म्हणजे वर्षाची कमाई चार महिन्यांत.

२०१८ सालच्या डायरीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, 'यंदा ६०० किलो.' आदल्या वर्षी ३०० झाली होती. त्याच डायरीत मागे, घरच्या पानावर लिहिलं होतं, 'लेकीच्या दहावीला तिच्याजवळ असायचं.' दोन्ही मनापासून लिहिलं होतं. पण दहावीचे पेपर मार्चमध्ये आणि कांडपाची सगळ्यात मोठी गर्दीही मार्चमध्येच. दोन पानं वेगवेगळी असल्यामुळे हे माझ्या लक्षातच आलं नाही. बीजगणिताच्या पेपरला लेकीला सोडायला शेजारच्या काकू गेल्या. मी मिरची पूड चाळत होते.

मे अखेर ६१० किलो चटणी गेली. ध्येय पूर्ण झालं. मात्र त्यातली २५० किलो एका दुकानदाराला उधारीवर दिली होती, जवळजवळ लाखाचा माल. जूनमध्ये मिरचीवाल्याचे पैसे द्यायचे होते, लेकीचा अकरावीचा प्रवेश होता आणि दुकानदार दर वेळी "पुढच्या आठवड्यात या" म्हणत होता. बांगड्या गहाण ठेवल्या. त्याचे पैसे आले दिवाळीला.

ध्येय नेमकं आणि जरा अवघड असलं तर 'जमेल तितकं करा' असं सांगण्यापेक्षा काम जास्त होतं, असं एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली मांडलं. प्रशिक्षणात हे शिकवतात आणि ते खरंच आहे. माझे ६०० किलो नेमकेही होते आणि अवघडही. मी चुकीची गोष्ट मोजत होते, एवढंच. चटणी गेली म्हणजे धंदा झाला असं मी धरून चालले होते. तेव्हापासून किलो लिहिणं बंद केलं. आता लिहिते ते असं: 'अमुक तारखेपर्यंत इतके रुपये खात्यात.' हे लिहिलं की उधारी किती द्यायची ते आपोआप ठरतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, हे तुम्हाला माहीत असेल. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणींना लाटण्याची मजुरी रोजच्या रोज मिळण्याची पद्धत पडली, ती मला त्या ८० रुपयांइतकीच मोलाची वाटते. आणि एक करा, लहान धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. दुकानदाराशी बोलताना हे आकडे तोंडपाठ असू द्या.

आता मूळ प्रश्न, वेगळं की एकत्र. एकत्र, आणि तेही डायरीत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. नवीन कॅलेंडर आलं की मी आधी घरचं लिहिते: परीक्षा, लग्नं, सासूबाईंच्या तपासण्या. मग उरलेल्या चौकटींत धंदा बसवते. आधी धंदा लिहिला तर घरासाठी चौकट उरत नाही, हा माझा अनुभव. डायरी मिटून ठेवता येते, कॅलेंडरसमोर मी दिवसातून दहा वेळा उभी असते. आणि घरातले सगळे ते वाचतात. यंदा मार्चमध्ये काय आहे हे मी कुणाला सांगत बसत नाही, नवराच गॅसचा नंबर लावायला गेला की बघून येतो.

रोजच्या गोष्टींसाठी मी खाडा धरते, दुधाचा धरतो तसाच. दूध आलं त्या दिवशी आपण काही लिहीत नाही, आलं नाही की फुली मारतो. साखर वाढल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. 'रोज चालायचं' असं ठरवून तीन वेळा सोडलं. मग ठरवलं, कांडप बंद केलं की घरी न जाता तसंच कृष्णेच्या घाटावर जायचं, फेरी मारून मग घर. ज्या दिवशी गेले नाही त्या दिवशी चौकटीत फुली. महिन्याला पाचाच्या वर खाडे झाले, तर त्या महिन्यात कुठलं काम जास्त घेतलं ते शोधते. सापडतंच.

ठरवलेलं खोडावंही लागतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं, यंत्राची मोटर बुडाली. दिवाळीसाठी चकलीच्या भाजणीचं मोठं काम लिहिलं होतं, ते सगळं मी पेनाने खोडलं. त्या जागी दोनच गोष्टी लिहिल्या: मोटर सुरू करायची आणि माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींचा पगार चुकवायचा नाही. त्या वर्षी दुसरं काहीही मोजलं नाही. जुनं ध्येय पुढे रेटलं असतं तर भाजणीसाठी कर्ज काढलं असतं आणि या दोघींना घरी बसवलं असतं. तसं झालं नाही, याचं मला आजही समाधान आहे. दोघी अजून माझ्याबरोबर आहेत.

यंदाच्या एप्रिलच्या पानावर आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लिहिलंय. त्या आठवड्याच्या सातही चौकटींत 'कांडप बंद' लिहून टाकलंय आणि दारात मिरच्या घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मी तारखा आत्ताच सांगते आहे.