ठरलेल्या साच्यातली उत्कंठा

अगाथा ख्रिस्ती यांची १९३४ सालची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ आज पुन्हा वाचून संपवली. बर्फात अडकलेली गाडी, बंद डब्यातला खून, मोजके संशयित, एकेकाची जबानी आणि शेवटी सर्वांना डायनिंग कारमध्ये बसवून केलेला उलगडा, हा साचा रहस्यकथेच्या वाचकाला तोंडपाठ असतो. तरीही उत्कंठा टिकते, कारण बाहेरून मदत येण्याची सोय नसल्याने गुप्तहेर पायरोच्या हाती मुख्यतः प्रश्नच उरतात. धक्काही साच्यातूनच बसतो: संशयितांची यादी समोर आली की आपण सवयीने एकेकाला वगळत जातो आणि लेखिका नेमकी त्या सवयीच्या आडोशाला उभी असते. रुमाल आणि पाइप साफ करायची काडी तर इतकी ठळकपणे सापडते की पुराव्यांवरच संशय घ्यावा. (शेवट सांगणार नाही, ज्यांनी वाचली नाही, त्यांचा हेवा वाटतो.)