स्क्रीमचा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो

सोमवार

उठल्या उठल्या, कुणाशी बोलायच्या आधी, तार सप्तकातली एक छोटी ओळ म्हणून पाहिली. जितकी हळू म्हणता येईल तितकी हळू, पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतपत. सूर अलगद लागला, मध्ये नुसती हवा सुटली नाही. काल बँडबरोबर भरपूर तालीम झाली आणि त्यातला बराच वेळ स्क्रीममध्ये, म्हणजे मेटल या दणदणीत रॉक संगीतातल्या खरखरीत, किंचाळल्यासारख्या आवाजात गेला. ती घशाला बाधलेली नाही, हे आता खात्रीने म्हणता येतं.

बरेच जण ही परीक्षा उलटी घेतात. मोठ्याने ओरडून बघतात आणि आवाज निघाला की घसा ठीक आहे म्हणून मोकळे होतात. पण मोठ्या आवाजात सूज लपते. खालून येणाऱ्या हवेचा दाबच इतका असतो की सुजलेले स्वरतंतूही हलतात. हळू आणि उंच सुरात मात्र ते ताणून पातळ झालेले असतात, दाब अगदी कमी असतो, आणि कडेला किंचित सूज असली तरी मध्ये फट राहते. मग आधी हवा येते आणि मागून आवाज, किंवा ओळ अर्ध्यातच तुटते. डॉ. रॉबर्ट बास्टियन या अमेरिकन घसातज्ज्ञांनी गायकांसाठी अशाच हळू, उंच सुरांच्या चाचण्या सांगितल्या आहेत. घसा दुखायची वाट बघत बसू नये. पुष्कळदा दुखण्याच्या कितीतरी आधी हा हळू सूर जातो. स्टेजवर टाळ्या पडल्या म्हणून मी स्क्रीमला पास करत नाही. तो पास होतो या ओळीत.

बुधवार

आज दुर्बिणीने तपासणी करून घेतली. तक्रार काही नव्हती, पण आपण नेमकं काय करतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. नाकातून बारीक लवचिक नळी घशाच्या वरपर्यंत सरकवतात. डोळ्यांत पाणी येतं, पण सहन होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "आधी साधं 'ई' म्हणा." पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या एकमेकींजवळ आल्या. बाईमाणसाच्या घशात त्यांची लांबी साधारण दीड सेंटिमीटर. ४४० हर्ट्झचा सूर लावला की त्या सेकंदाला ४४० वेळा मिटतात आणि उघडतात. डोळ्यांना हे दिसणं शक्यच नाही, म्हणून स्ट्रोबचा प्रकाश सुराच्या कंपनांपेक्षा किंचित वेगळ्या गतीने लुकलुकवतात. ट्यूबलाइटखाली पंख्याची पाती कधी कधी सावकाश फिरताना दिसतात, तसं मग ते कंपन संथ झालेलं दिसतं. कडेपासून एक मऊ लाट बाहेरच्या बाजूला सरकत होती, पुन्हा पुन्हा. वरचं आवरण लवचिक असलं तरच ती लाट अशी मोकळी वाहते. आपल्या आवाजाचा सगळा संसार एवढ्याशा लाटेवर चालतो, हे बघून मला भरून आलं.

"आता तुमचा तो दुसरा आवाज काढा."

मी फॉल्स कॉर्ड, म्हणजे वरच्या घड्यांनी काढायचा स्क्रीम लावला. खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर, दोन्ही बाजूंना गुलाबी, जाडसर घड्या असतात. साध्या बोलण्यात त्या बाजूला नुसत्या पडून असतात. त्या आत सरकल्या, फडफडायला लागल्या, आणि खालच्या पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. आवाज थांबवला तशा घड्या मागे गेल्या. खालच्या पट्ट्या होत्या तशाच पांढऱ्या, लाली नाही, कडा सरळ. "कडा स्वच्छ आहेत, असंच चालू द्या," डॉक्टर म्हणाल्या.

खरखर कुठून येते यावर सगळं अवलंबून आहे. दक्षिण सायबेरियातल्या तुवामध्ये कारगिरा नावाची कंठगायकी आहे, तिच्यातही या वरच्या घड्या कामाला लागतात. खालचे स्वरतंतू दोनदा मिटतात तेव्हा वरच्या घड्या एकदा, म्हणून मूळ सुराच्या एक सप्तक खालचा खर्ज ऐकू येतो. तेव्हा असला आवाज काढला की गळ्याची वाट लागणारच, हे सरसकट खरं नाही. वाट लागते ती खरे स्वरतंतू एकमेकांवर आवळून त्यांच्यातून जबरदस्तीने हवा काढल्यावर.

रात्री मानुएल गार्सिया आठवत राहिला. गाणं शिकवणारा हा माणूस. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं टिपण वाचलं गेलं. शिकवायचं तर आधी आत काय चाललंय ते बघायला हवं, ही त्याची तळमळ मला फार जवळची वाटते.

गुरुवार

"ताई, स्क्रीम केला की घसा जळतो. हळूहळू सवय होईल ना?" बँडमधल्या नव्या गायकाने विचारलं.

नाही होणार. जळजळ झाली की थांबायचं, त्या दिवशीचं ते काम संपलं. तो गोळ्या चघळत तालीम करत होता, थंडावा देणाऱ्या. त्याने घसा जरा बधिर होतो आणि थांबायची खूण कळेनाशी होते. कार्यक्रमाआधी अ‍ॅस्पिरिन घेणं तर त्याहून वाईट. रक्त गोठायला वेळ लागतो, आणि जोराच्या आवाजात स्वरतंतूतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलीच तर रक्तस्राव वाढतो. घसा सोलवटल्याशिवाय खरा मेटल गायक होत नाही, असं मुलांना सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

त्याला माइकसमोर उभं केलं. आधी नुसता उसासा, आवाजाशिवाय. मग त्याच उसाशात थोडीशी खरखर मिसळायची, बोलण्यापेक्षाही हळू. त्याने लगेच छाती भरून घेतली आणि मान पुढे काढली. मी त्याच्या हनुवटीखाली बोटं ठेवायला लावली. तिथलं मांस दगडासारखं झालं होतं. "निम्मी हवा घे," म्हटलं. खरखर आली, बारीक पण सलग. मग माइकचा गेन, म्हणजे आवाज टिपायची ताकद वाढवली आणि त्याला हेडफोनमध्ये ऐकवलं. तो चाट पडला, कारण तोच बारीक आवाज आता अक्राळविक्राळ वाटत होता. आपल्याला जे राक्षसी ऐकू येतं त्यात मोठा वाटा माइकचा असतो. खोलीत उभं राहून तोच आवाज ऐकला तर पुष्कळदा तो बेताचाच असतो.

आणखी एक गोष्ट त्याला पटली. स्क्रीम वर न्यायचा तर स्वर ओढायला नको, तोंडाचा आकार बदलायचा. 'ओ'वरून 'ई'वर गेलं की खरखर आपोआप धारदार होते, घसा होता तिथेच राहतो. फ्राय स्क्रीम या दुसऱ्या प्रकाराबद्दल तो विचारत होता, पण ती बारीक, आवळलेली चीज आहे. आधी ही मोकळी खरखर बसू दे.

शुक्रवार

आज स्क्रीम नाही. पाण्यात दोनेक सेंटिमीटर बुडवलेल्या स्ट्रॉमधून गुणगुणत वर-खाली गेले, एवढंच. ओठांकडून मागे येणाऱ्या दाबाने स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटतात आणि तरी कंपन पावतात. आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झे यांनी या व्यायामामागचं भौतिकशास्त्र समजावून सांगितलंय. मला तो तालमीनंतर जास्त आवडतो.

पाण्याबद्दल एक. घोट गिळला की तो अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना लागत नाही, त्यामुळे स्टेजवर घटाघट पिऊन ते ओले होत नाहीत. दिवसभर पीत राहावं लागतं. वाफ मात्र थेट पोहोचते. घसा खाकरणं म्हणजे त्यांना एकमेकांवर आदळणं, त्यापेक्षा गिळावं. आणि आवाज बसला असताना कुजबुजून बोलण्यात विश्रांती नाही, पुष्कळ जण कुजबुजताना घसा आणखी आवळतात. गप्पच बसावं. घोगरेपणा चार आठवडे हटला नाही तर डॉक्टर, आणि स्क्रीममध्ये आवाज अचानक गेला तर त्याच क्षणी गाणं बंद करून डॉक्टर. हे मी त्या मुलाला लिहूनच दिलं.

शनिवार

ड्रम्सच्या शेजारी उभं राहिलं की नकळत आवाज चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलंय. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडायला लागतो. तेव्हा पुढच्या कार्यक्रमात कानातला मॉनिटर हवाच, असं बँडला सांगितलं.

दुसरी मागणी अवघड होती. चौथ्या गाण्यात लांब स्क्रीम संपतो आणि लगेच पुढच्या मात्रेला स्वच्छ, हळू सूर येतो. वरच्या घड्या मागे जायला क्षणभर तरी हवा. नाही मिळाला तर त्या सुरावर मी जोर लावणार, आणि तो जोर थेट स्वरतंतूंवर जाणार. गिटारवाला आधी कुरकुरला, मग त्याने तिथे दोन मात्रांची जागा भरून वाजवून दाखवली. आम्ही ती तशीच ठेवली. त्या दोन मात्रांत मी श्वास घेते, जीभ सैल सोडते, आणि सूर बरोबर लागतो.