शिरोरेषा तुटली तेव्हा

रविवारी साडेदहाला बाईंनी लॅपटॉप उघडला. अकरा वाजायच्या आत आमच्या वर्डप्रेस थीममधल्या, म्हणजे साइटच्या तयार साच्यातल्या, मथळ्याची शिरोरेषा अक्षरागणिक तुटली होती. ‘वाड्याच्या कोपऱ्यातली मूर्ती’ हा त्यांचा पहिला लेख. पडद्यावर मात्र शब्द दिसत नव्हते, एकमेकांपासून फटकून उभी असलेली सुटी अक्षरं दिसत होती.

थीम तयार झाली असं आम्ही धरून चाललो होतो. वर्डप्रेसची ब्लॉक थीम (मथळा, फोटो, परिच्छेद अशा सुट्या ‘ब्लॉकां’नी पान रचणारी), स्वतःची जावास्क्रिप्ट शून्य, सीएसएस, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणारा कोड, अगदी थोडं. अशा थीमला मुळात दोनच फाइली लागतात: स्टाइल डॉट सीएसएस आणि टेम्प्लेट्स फोल्डरमधली इंडेक्स डॉट एचटीएमएल. बाकीचा सगळा कारभार थीम डॉट जेसन या सेटिंगांच्या फाइलीत. ज्यांना कोडची एक ओळही लिहायची नाही त्यांच्यासाठी ती होती, म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी तिघांना बोलावलं: एक निवृत्त शिक्षिका (याच त्या बाई), देशी बियाण्यांवर लिहिणारे एक शेतकरी काका आणि पदार्थांच्या कृती लिहिणारी एक मुलगी. नाव आणि रंग बदलायचे, मेनूत एक पान टाकायचं, फोनमधला फोटो लावून लेख प्रसिद्ध करायचा आणि तो दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघायचा, एवढंच काम. कोणी कितीही अडलं तरी मी बोलायचं नाही, वहीत फक्त वेळ आणि अडलेली जागा लिहायची.

बाईंचं काय झालं ते आधी सांगतो. मथळा त्यांना दाटीवाटीचा वाटला. शैलीच्या पॅनेलमध्ये ‘अक्षरांमधलं अंतर’ असा पर्याय समोरच होता, त्यांनी तो २ पिक्सेल केला. इंग्रजीत अशानं मथळा मोकळा दिसतो. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या रेषेला भिडेल इतकीच लांब आखलेली असते. मध्ये अंतर घातलं की अक्षरं सरकतात, पण रेषा काही लांबत नाही. त्यांनी मग शेजारची मोठ्या-लहान लिपीची तीन बटणं दाबून पाहिली. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे काहीच घडलं नाही. ‘अहो, हे बिघडलंय का?’ असं त्यांनी मला विचारलं आणि ठरल्याप्रमाणे मी गप्प राहिलो. फार अवघड गेलं ते. चूक त्यांची नव्हतीच. मराठीसाठी बनवलेल्या थीममध्ये हे दोन्ही पर्याय समोर असायलाच नको होते. वर्डप्रेस ते मुळात उघडे ठेवतं. थीम डॉट जेसनच्या टायपोग्राफी विभागात ‘लेटरस्पेसिंग’ आणि ‘टेक्स्टट्रान्सफॉर्म’ यांच्यापुढे ‘फॉल्स’ लिहिलं की पॅनेलमधून जातात. त्याच विभागात ‘ड्रॉपकॅप’सुद्धा बंद करावा. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करताना शिरोरेषा तिथे तुटतेच, आणि शब्द जोडाक्षरानं सुरू होत असेल तर काही ब्राउझर जोडाक्षराचा पहिला तुकडाच मोठा करतात.

याच मथळ्यात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला जास्त लागली. ‘कोपऱ्यातली’मधला ‘ऱ्या’ बाकीच्या अक्षरांपेक्षा वेगळ्या वळणाचा, जरा बारीक दिसत होता. आम्ही मुक्त हा मुंबईच्या एक टाइपचा खुल्या परवान्याचा फॉन्ट वापरला होता. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकार असतात, त्यामुळे फाइल लॅटिन फॉन्टपेक्षा बरीच जड होते. वजन घटवायला मी नको ती चिन्हं छाटली होती आणि छाटताना वर्णमालेचा तक्ता समोर ठेवला होता. तक्त्यात ‘ऱ’ नसतो. ‘ॲ’ही पुष्कळदा नसतो. फॉन्टमध्ये जे अक्षर नाही ते ब्राउझर सिस्टिमच्या फॉन्टमधून घेतो, आणि एकाच शब्दात दोन हात लिहिल्यासारखं दिसतं. काही केबी वाचवण्यासाठी मी मराठीचंच अक्षर कापलं होतं. तेव्हापासून नियम एकच: युनिकोडमधला देवनागरीचा यू+०९०० ते यू+०९७एफ हा पूर्ण पट्टा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. सोबत २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी जोडचिन्हं ठेवायची, कारण जुन्या पद्धतीनं टंकलेल्या मजकुरात ‘र्‍य’ त्यातल्याच एकानं घडतो. शिवाय रुपयाचं चिन्ह, ठिपक्यांचं वर्तुळ, वळणदार अवतरणचिन्हं आणि डॅश. वजन घटवायचं तर फॉन्टच्या जाड्या कमी कराव्यात. मुक्तात ७ जाड्या आहेत, ब्लॉगला २ पुरतात.

आणखी कमी करायचं असेल तर फॉन्ट पाठवूच नये. बहुतेक अँड्रॉइड फोनवर नोटो सान्स देवनागरी आधीपासून असतो, विंडोजवर निर्मला, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी. ‘फोनचाच फॉन्ट’ ही निवड आम्ही त्यानंतर घातली आणि सुरुवातीची म्हणून तीच ठेवली. काही उतरवायचं नाही, आणि मागाहून फॉन्ट येऊन ओळी उड्या मारण्याचाही प्रश्न उरत नाही.

काकांच्या लेखाचं नाव होतं ‘समृद्ध गावाच्या धर्तीवर बियाण्यांची बँक’. लॅपटॉपवर ते एका ओळीत बसलं. फोनवर पहिली ओळ ‘समृद्ध गावाच्या’ इथे मोडली आणि ‘धर्तीवर’ खाली आला. ‘मृ’चा ऋकार आणि ‘र्ती’चा रफार-वेलांटी बरोबर एकाखाली एक आले आणि एकमेकांत घुसले. मथळ्याची ओळ-उंची १.२ होती. इंग्रजीत ती चालते, कारण लॅटिन अक्षरांच्या वरखाली एवढं काही लटकत नाही. आता मथळ्याला १.४ आणि मजकुराला १.७५ आहे. मुखपृष्ठावरच्या कार्डांत मथळा दोन ओळींत कापायची सोय होती, तिथे दुसऱ्या ओळीचे उकार खालून छाटले जात होते. त्या डब्याला तळाशी ०.२ एमची (अक्षराच्या आकाराच्या पाचव्या हिश्श्याएवढी) जागा दिल्यावर ते सुटलं.

मग काकांनी रंग घेतला. पट्टीला हळदीपिवळा, वर अक्षरं पांढरी. बियाण्यांच्या विषयाला शोभणारा रंग, पण उन्हात फोन धरला की साइटचं नाव दिसेना. एफएफसी१०७ या पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) गुणोत्तर भरतं १.६ ला १. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला निदान ४.५ ला १ लागतं. याच पिवळ्यावर काळं अक्षर घेतलं तर ते १२ च्या वर जातं. म्हणजे रंगाचा दोष नव्हता, जोडीचा होता, आणि जोडी जुळवायचं काम आम्ही त्यांच्या गळ्यात टाकलं होतं. पार्श्वभूमी, मजकूर, दुवा, बटण, पट्टी, तळपट्टी, प्रत्येकाला वेगळा रंग निवडायची मुभा होती. त्यालाच आम्ही ‘हवी तशी बदलता येणारी थीम’ म्हणत होतो.

हे सगळं काढलं. स्टाइल्स फोल्डरमध्ये ६ तयार रंगसंगती ठेवल्या, प्रत्येकीत ५ रंग: २ फिकट, ३ गडद. कुठलाही फिकट कुठल्याही गडदावर ठेवला तरी ४.५ च्या वर राहतो, हे एकेक जोडी तपासून ठरवलं. हळदीपिवळा फिकटांत गेला. मोकळा रंग निवडणं, ग्रेडियंट, ड्युओटोन आणि वर्डप्रेसची मूळ रंगपेटी जेसनमधून बंद. गडदावर गडद कुणी ठेवू नये म्हणून मजकुराचा सुटा रंगही बंद केला; त्याऐवजी ‘रंगीत चौकट’ ही ब्लॉकशैली दिली, ती पार्श्वभूमी आणि अक्षर दोन्ही एकदम बदलते. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: जेसनमध्ये रंगांची आतली नावं कामावरून ठेवावीत. ‘पाया’, ‘मजकूर’, ‘ठसा’ अशा अर्थाची. ‘पिवळा’ असं नाव ठेवलं, तर दुसऱ्या संगतीत त्या नावाचा रंगच नसतो आणि आधी रंगवलेल्या जागा बेरंग होतात.

फोटोची गोष्ट मुलीच्या फोनवर घडली. पुरणपोळीचा फोटो, ४ एमबीचा. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची आटोपशीर प्रत करतं, लहान आकारही बनवतं आणि फोनला कुठला द्यायचा ते ब्राउझरला ठरवू देतं. पण ती सोय खऱ्या इमेज टॅगलाच, म्हणजे पानात चित्र म्हणून घातलेल्या फोटोलाच, मिळते. तिनं कव्हर ब्लॉकमध्ये (मागे मोठा फोटो आणि त्यावर मजकूर ठेवणाऱ्या) ‘स्थिर पार्श्वभूमी’ हे बटण दाबलं. ते दाबताच तोच ब्लॉक इमेज टॅग सोडतो आणि फोटो सीएसएसची पार्श्वभूमी म्हणून लावतो. मग लहान आकारांची निवड संपली. गणित सोपं आहे: गूगलचं वेग तपासणारं साधन लाइटहाउस फोनच्या चाचणीत सुमारे १.६ एमबीपीएसचा वेग धरतं. त्या वेगानं आटोपशीर झालेला २ एमबीचा फोटो उतरायलाही १० सेकंद. मुख्य आशय २.५ सेकंदांत दिसावा अशी अपेक्षा असते. रिकाम्या नमुन्यावर आमची थीम वेगवान होतीच, पण वाचकाच्या हाती रिकामा नमुना पडत नाही. वरचा मोठा फोटो आता कव्हरमधून काढून लेखाच्या मुख्य चित्राच्या ब्लॉकमध्ये आहे, ३:२ प्रमाण बांधलेलं, म्हणजे फोटो येण्याआधीच त्याची जागा राखलेली असते.

दुपारी एकच्या सुमाराला सगळ्यात मोठा धक्का बसला. काकांनी साइट एडिटर, म्हणजे साइटची रचना बदलायची जागा, उघडला. लेखाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सगळ्या लेखांना लागू होणाऱ्या चौकटीत, जिथे मजकूर येणार असतो तिथे इंग्रजीत समजावणारे काही परिच्छेद दिसतात. हा नमुन्याचा इंग्रजी मजकूर आहे असं समजून त्यांनी तो काढला. इशाऱ्याची खिडकी आली, तिलाही त्यांनी होकार दिला. त्यानंतर साइटवरचा प्रत्येक लेख रिकामा. मथळा आहे, तारीख आहे, खाली काही नाही. ‘माझं लिहिलेलं गेलं का?’ एवढंच ते म्हणाले. तिथे मी नियम मोडला आणि त्यांना सांगितलं की काका, लेखाला धक्काही लागलेला नाही, फक्त तो दाखवणारी चौकट काढली गेली आहे. टेम्प्लेटच्या यादीतून ते टेम्प्लेट मूळ रूपात आणलं आणि लेख परत दिसले. एवढ्या वेळात त्यांचा चेहरा उतरला होता, तो मला विसरता येत नाही.

आता त्या ब्लॉकला हलवणं आणि काढणं दोन्हीला कुलूप आहे, शीर्षपट्टी आणि तळपट्टीलाही. पण इथे थीम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक मेख आहे. वापरणाऱ्यानं टेम्प्लेटमध्ये केलेला बदल थीमच्या फाइलीत जात नाही, डेटाबेसमध्ये वेगळा साठतो आणि फाइलीपेक्षा त्याचा मान मोठा. म्हणून मूळ रूपात आणता येतं हा फायदा. तोटा असा की ज्यांनी शीर्षपट्टीत एक शब्द जरी बदलला आहे, त्यांच्यापर्यंत शीर्षपट्टीतली आमची पुढची दुरुस्ती पोचतच नाही. ओळ-उंची, अंतरं, रुंदी हे सगळं म्हणूनच आम्ही टेम्प्लेटमधून उपसून थीम डॉट जेसन आणि स्टाइल डॉट सीएसएसमध्ये नेलं. टेम्प्लेटमध्ये फक्त सांगाडा.

भाषेचं एक राहिलं. मुलीला डॅशबोर्ड इंग्रजीत बरा वाटतो म्हणून तिनं साइटचीच भाषा इंग्रजी ठेवली होती. त्यानं पानाच्या मुळाशी ‘ही इंग्रजी आहे’ अशी खूण पडते, पडदावाचक, म्हणजे अंध वाचकांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठी मजकूर इंग्रजी म्हणून वाचायला जातं, आणि ज्या फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली आहेत तिथे ती येत नाहीत. वर्डप्रेस ४.७ पासून साइटची भाषा आणि स्वतःच्या डॅशबोर्डची भाषा वेगळी ठेवता येते. साइट मराठी, प्रोफाइल इंग्रजी.

बाईंनी शेवटी लेखाचा दुवा मुलीला पाठवला. तो ‘वाड्याच्या-कोपऱ्यातली-मू’ इथेच संपत होता. दुव्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, तिथे ९ चिन्हांची जागा खातं. म्हणजे फार तर २२ चिन्हं. हे थीमचं काम नाही. दुव्यांना हात लावणारी थीम बदलली की दुवेच मोडण्याची भीती असते, त्यामुळे ती सोय आम्ही थीममध्ये घातली नाही. मदतपानावर एक ओळ टाकली: प्रसिद्ध करण्यापूर्वी दुवा रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा करा.

सकाळी पॅनेलमध्ये २८ निवडी होत्या, आता ६ आहेत: नाव आणि लोगो, रंगसंगती, फॉन्ट, मजकुराचे तीन आकार, मुखपृष्ठावर यादी की कार्डं, मेनू. नमुन्याचे लेखही बदलले. थीमसोबत एक तपासणीचं पान जातं, प्रत्येक बदलानंतर आम्ही ते आधी फोनवर उघडतो. त्यावर ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्रीय’, ‘ॲप’, ‘हृदय’, ‘तऱ्हा’ असे शब्द मथळ्याच्या आकारात आहेत आणि काकांचा मथळा मुद्दाम अरुंद डब्यात बसवलेला आहे. पहिली ओळ ‘वाड्याच्या कोपऱ्यातली मूर्ती’ ही आहे, बाईंना विचारून घेतलेली.