प्राग, दिवस सहावा : आत्या, मी आणि कानातली खरखर

रात्रीचे साडेअकरा. पलीकडच्या बेडवर आत्या गुडघ्याला बाम चोळतीये आणि अख्ख्या रूमला वाईच्या घराचा वास यायला लागलाय. फोन म्हणतोय आज १९ हजार पावलं झाली, त्यातली निम्मी तरी पुढे गेलेल्या ग्रुपला गाठण्यातच गेली असणार.

आम्ही ३४ जण. सगळ्यात पुढे भगवी छत्री उंच धरलेला टूर मॅनेजर, त्याच्याबरोबर इथली गाईड बाई, आणि सगळ्यांच्या कानात तो ऑडिओ सेट. बाईपासून जरा लांब पडलं की नुसती खरखर. आता आत्या ७२ वर्षांची, एक गुडघा बदललेला, रस्ते सगळे दगडी गोट्यांचे, म्हणजे आम्ही दिवसभर खरखरीतच होतो, इतिहास काय तो हप्त्याहप्त्याने मिळाला.

सकाळी बसने वर किल्ल्याजवळ सोडलं. सेंट व्हायटस कॅथेड्रल १३४४ मध्ये बांधायला घेतलं आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये. आत्या म्हणाली, "मग आपल्या सोसायटीच्या बिल्डरला उगीच शिव्या घालतो आपण." जुन्या राजवाड्यात मात्र सगळे एका खोलीत कोंबले गेल्यामुळे नीट ऐकू आलं. १६१८ मध्ये इथल्या चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी राजाचे दोन कारभारी आणि त्यांचा एक सेक्रेटरी असे तिघं ह्याच खिडकीतून खाली फेकले. जवळपास ७० फूट, आणि तिघंही वाचले! कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले छे, खाली शेणाचा ढीग होता. ग्रुपमध्ये हशा, मग त्या खिडकीसमोर सेल्फींची रांग. हसता हसता बाई म्हणाली ह्यातूनच ३० वर्षांचं युद्ध पेटलं, पण तोवर छत्री हललेली.

तिथून उतार. नेरुदोवा नावाचा रस्ता, आणि माझ्या मते आजच्या दिवसातला सगळ्यात भारी तुकडा, जिथे ग्रुप दहा मिनिटंसुद्धा थांबला नाही. इथे घरांना नंबर नव्हते तेव्हा दारावर चित्रं असायची, ती अजून आहेत. दोन सूर्य, तीन व्हायोलिनं, सोन्याची किल्ली. आत्या पोस्टातून रिटायर झालेली, ती जागची हलेचना. "म्हणजे तीन व्हायोलिनवाले अमुक तमुक असा पत्ता?" मी म्हणलं आपल्या पुण्यात काय वेगळंय, पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर, त्याच्या मागची गल्ली, येतंच की पत्र. घरांना नंबर आले १७७० मध्ये, मारिया तेरेसा राणीच्या काळात. आणि आता प्रत्येक दारावर दोन पाट्या, एक लाल एक निळी, वेगवेगळ्या नंबरांच्या. लाल म्हणजे त्या भागातल्या घराचा नंबर आणि निळा त्या रस्त्यावरचा. हे ऐकून आत्याने इथल्या पोस्टमनबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली.

मग चार्ल्स ब्रिज. १३५७ साल, ९ जुलै, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं, ह्या मुहूर्तावर म्हणे पहिला दगड बसवला, कारण आकडे ओळीने लिहिले की १-३-५-७-९-७-५-३-१ होतात. खरं खोटं तो बांधणाऱ्या चौथ्या चार्ल्स राजालाच माहीत, पण पत्रिका बघून लग्न लावणाऱ्या आपल्या ग्रुपला हे लगेच पटलं. पुलावर ३० पुतळे आणि इतकी गर्दी की लक्ष्मी रोडवर धनत्रयोदशीला चालल्यासारखं वाटलं. पलीकडच्या टोकाला काळपट उंच बुरूज आहे, त्याच्याखाली पोचलो तेव्हा बाई काहीतरी सांगत होती, मला एवढंच मिळालं, "बारा जणांची डोकी... इथे... दहा वर्षं..." आणि खर्रर्र. कोणाची डोकी, काय, कशाला, काही पत्ता नाही.

ओल्ड टाउन स्क्वेअरला पोचेस्तोवर ते १४१० चं घड्याळ वाजूनपण गेलं होतं. सांगाडा घंटा वाजवतो, येशूचे बारा शिष्य खिडकीतून फिरून जातात, कोंबडा आरवतो, संपलं. अनेकांचं मत पडलं की एवढ्यासाठी एवढं? मी बघितलंच नाही, त्यामुळे आपलं मत नाही.

आत्या पडायच्या भीतीने दिवसभर खाली बघूनच चालत होती. टाउन हॉलच्या बाजूने जाताना एकदम म्हणाली, "अगं थांब, आपण क्रुसांवर पाय देतोय." फरशीत पांढरे क्रूस बसवलेले. मोजले, २७. शेजारी १६२१ ची तारीख, भिंतीवर नावांची पाटी, सगळी चेकमध्ये. लोक त्यांच्यावरून आइस्क्रीम खात चाललेले, आम्हीपण त्यातलेच की.

हॉटेलच्या वायफायवर आत्ता शोधलं. खिडकी प्रकरणानंतर अडीच वर्षांत ते सरदार लढाई हरले, आणि २१ जून १६२१ ला ह्याच चौकात २७ जणांना मृत्युदंड दिला. ३ मोठे सरदार, ७ नाइट, बाकी १७ शहरातली माणसं. त्यात येसेन्स्की नावाचे डॉक्टर होते, विद्यापीठाचे रेक्टर, प्रागमधलं पहिलं जाहीर शवविच्छेदन त्यांनी केलेलं. बुरुजावरची बारा डोकी ह्यातलीच. म्हणजे सकाळी आम्ही ज्या खिडकीवर हसलो तिचंच बिल दुपारी पुलाच्या टोकाला आणि संध्याकाळी पायाखाली होतं.

आत्याला वाचून दाखवलं. ती बाम बाजूला ठेवून गप्प ऐकत होती. हुकूम कोणाचा, म्हणाली. म्हणलं सम्राट दुसरा फर्डिनांड, व्हिएन्नाचा.

उद्या सहाला वेकअप कॉल, सातला बॅगा रूमबाहेर, आठला बस व्हिएन्नाला.

"म्हणजे उद्या त्याच्याच घरी का?" म्हणाली आणि लाइट घालवला.