ग्रँड आयलंडची गुहा आणि त्याआधीचा फॉर्म

आधीच सांगते, गुहा भारी आहे. पोहता येत असेल तर जाच. पण मी हे गुहेसाठी लिहीत नाहीये, त्या जेटीवरच्या काउंटरसाठी लिहितेय, कारण दुसरी फेरी होऊन पंधरा दिवस झाले तरी माझं डोकं शांत झालेलं नाही आणि घरात आता हा विषय काढला की सगळे उठून जातात.

आम्ही डिचोलीचे. गोव्यातले म्हणून बाहेरच्यांना वाटतं आम्ही रोज समुद्रात डुंबत असणार, पण मी आणि दादा पोहायला शिकलो ते मामाच्या विहिरीत, कमरेला सुकडी (पाण्यावर तरंगणारं हलकं लाकूड) बांधून. समुद्रात गुडघाभर पाण्याच्या पुढे कोणी जाऊ द्यायचं नाही. दादाचा ओम १३ वर्षांचा, त्याने कुठलं तरी रील बघितलं की वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडला खडकात पाणी शिरतं आणि तिथे पोहून आत जाता येतं, झालं, दोन महिने तेच. वहिनी आधी नकोच म्हणत होती. २०२४च्या नाताळात कळंगुटला बोट उलटून एक जण गेला तेव्हापासून तिला बोट म्हटलं की तेच आठवतं. शेवटी मी म्हटलं मोठ्या बोटीने नकोच, लहान ग्रुपवाली बघू.

कारण मोठ्या बोटींचं पॅकेज ठरलेलं असतं: चाळीसेक माणसं, गाणी, डॉल्फिन, बिअर, गळ टाकून मासे, जेवण, आणि मध्येच बेटाच्या शांत बाजूला पंधरा मिनिटं जॅकेट घालून पाण्यात सोडतात, त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात. आम्हाला मिळाली ती ८ माणसांची, माणशी २५००, अर्धे आधी. फोनवरच्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला, व्हेज की नॉनव्हेज. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

रविवार, फेब्रुवारी, रिपोर्टिंग ७ वाजता बेतीच्या बाजूला. आम्ही साडेपाचला निघून पावणेसातला हजर. मांडवीवर धुकं, पलीकडे कॅसिनोचे दिवे अजून चालूच. काउंटर म्हणजे एक टेबल, एक छत्री आणि एक लोखंडी कपाट, आणि कपाटाची चावी ज्याच्याकडे तो पोरगा आला ७:३५ला. आल्यावर सॉरी वगैरे काही नाही, थेट फॉर्म वाटले.

फॉर्म दोन पानी, इंग्रजीत, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून इतका फिकट की हो आणि नाहीच्या चौकटी अंदाजाने शोधायच्या. दमा, फिट्स, हृदय, बीपी, कानाचं ऑपरेशन, गरोदर आहात का, चालू औषधं, पोहता येतं का, आणि बोटीत नसलेल्या एका माणसाचा नंबर. आम्ही तिघांनी खटाखट नाही-नाही-नाही केलं. वहिनी मात्र बँकेत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासून तिला फॉर्म म्हणजे शपथपत्र वाटतं. तिने दम्यासमोर 'हो' केलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, लहानपणी, दहाव्या वर्षापर्यंत, आता काही नाही.

त्या पोराने आतापर्यंत एकही फॉर्म वाचला नव्हता. हा वाचला.

"मॅडम, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल."

मी म्हटलं कसलं? म्हणे फिटनेसचं, दमा असेल तर कंपनीचा रूल आहे. मी म्हटलं मग फोनवर का नाही सांगितलं? म्हणे फोनवाला वेगळा. मग तो जरा पुढे वाकून हळूच म्हणाला, "नवीन फॉर्म देतो मॅडम, नाही करून टाका. सगळे तसंच करतात." वहिनी म्हणाली, "एकदा लिहिलंय ते लिहिलंय." मला त्या क्षणी तिचा इतका राग आला, खरं सांगते, आणि आता तितकाच अभिमान वाटतो, पण तेव्हा राग.

रविवारी सकाळी आठ वाजता डॉक्टर कुठून आणायचा? आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या बायकोने उचलला, "डॉक्टर बाजारात गेलेत, मासळी आणायला." रविवार आहे, इसवण मिळाल्याशिवाय ते काही परतणार नाहीत हे मला फोन ठेवतानाच कळलं. ८:४०ला त्यांचा फोन आला. बिचाऱ्यांनी हातही धुतले असतील नसतील, लेटरहेडवर लिहून फोटो पाठवला, पण फोटोत अंगठ्याची सावली बरोब्बर शिक्क्यावर. पोरगा म्हणे शिक्का दिसत नाही. परत फोटो. मग म्हणे मोबाइलवर चालत नाही, प्रिंट लागते, फाइलला लावायला. तुमचा प्रिंटर? त्यात इंक नाही. मग दादा गाडी काढून पूल ओलांडून पणजीत, रविवारी उघडं झेरॉक्सचं दुकान शोधत फिरतोय, इकडे ओम दर पाच मिनिटांनी विचारतोय आत्या निघायचं कधी, आणि मी त्या छत्रीखाली उभी राहून त्या पोराशी असं काही बोलले जे मी शाळेत मुलांना बोलू देत नाही.

९:२०ला बाकीचे चौघे आले, कळंगुटच्या कुठल्या हॉटेलातून, डोळे तांबडे. दोन मिनिटांत सह्या. त्यातल्या एकाने सही केली, पेन ठेवलं, खिशातून दम्याचा पंप काढला, दोन झटके मारले आणि बोटीत जाऊन बसला. मी वहिनीकडे बघितलं. ती मांडवीकडे बघत होती.

दादा ९:४०ला प्रिंट घेऊन आला. सुटलो १०:०५ला. म्हणजे ७ वाजता या म्हणून तीन तास, आणि त्यातला सर्टिफिकेटचा भाग जर आदल्या दिवशी फोनवर एका वाक्यात सांगितला असता तर आम्ही शनिवारी संध्याकाळी दवाखान्यातून शिक्क्यासकट घेऊन ठेवलं असतं. माझं म्हणणं सर्टिफिकेट मागू नका असं नाहीच. खारं पाणी घशात गेलं, धाप लागली, घाबरायला झालं की ज्याला कधीकाळी दमा होता त्याला अटॅक येऊ शकतो, डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि आमची जेटी तिथून तासाभरापेक्षा लांब. मागाच. पण व्हेज-नॉनव्हेजच्या आधी विचारा की!

तर तुम्ही बुक करताना स्वतःहून विचारा, मेडिकल फॉर्म आहे का, असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवा. दमा, बीपी, कान, फिट्स यातलं काहीही कधीही झालेलं असेल तर आधीच डॉक्टरकडे जा. आणि खोटं लिहू नका, पंपवाल्यासारखं.

आता या तीन तासांनी काय झालं ते ऐका. मांडवीच्या बाहेर पडेपर्यंत ठीक, उजवीकडे रेईश मागूश, आग्वाद, डावीकडे मिरामार, काबोचं राजभवन (आता लोकभवन), डॉल्फिनही दिसले दोन-तीन, पाठ वर काढून परत गुडुप. पण जुवारीचं तोंड ओलांडताना, जिथे मुरगाव बंदराची जहाजं नांगरून असतात ना, तिथे वारा लागला. बोट आपटायला लागली. हॉटेलवाल्यांतले दोघे ओकले. ११:२०ला बेटापाशी पोचलो तर गुहेचं तोंड जवळजवळ पाण्याखाली, लाट आत शिरली की आतून तोफेसारखा आवाज आणि मग फेसाचा फवारा बाहेर. तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, साठीचे, बोटीचं इंजिन न्यूट्रलला टाकून बघत बसले. मी म्हटलं, मामा, पाचच मिनिटं? ते म्हणाले, "आयज भितर वचपाक मेळचें ना, बाय. तोंड पळय." म्हणजे आज आत जायला मिळणार नाही, गुहेचं तोंड बघ.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत असायला हवं होतं, कारण आमचे आजोबाही सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी पुनव, म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही ऐन उधाणाच्या भरतीला तोंडाशी उभे, वर फेब्रुवारीपासून दुपारी सुटणारा वायव्येचा वारा. साडेआठला पोचलो असतो तर अर्धीच भरती, वारा नाही, गेलो असतो आत. सगळं त्या इंक नसलेल्या प्रिंटरमुळे!

मग बेटाच्या आडोशाला थोडं स्नॉर्कलिंग, पाणी गढूळ, ओमला एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा दिसला, मला माझेच पाय. परत आल्यावर पैसे परत मागितले तर म्हणे ट्रिप तर झाली ना, गुहा 'सब्जेक्ट टू वेदर' असते, फॉर्मवर आहे. त्या फिकट फॉर्मवर. अर्धा तास वाद घातल्यावर पुढची फेरी अर्ध्या पैशात देतो म्हणाले.

म्हणून परत त्यांच्याकडेच. या वेळी मी फोन केल्यावर म्हटलं मला अष्टमीचा शनिवार हवा. "अष्टमी म्हणजे, उपवासाचं जेवण पाहिजे का मॅडम?" मी म्हटलं मला तांडेलांशी बोलायचंय. मामा खूश झाले. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाला भरती, आपण पोचेपर्यंत उतरती, आणि भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, लहान भरती असल्यामुळे पाणी फार चढत-उतरत नाही. तास-अर्धा तास इकडे-तिकडे होतं, म्हणून मोबाइलवर टाइड टेबल बघाच, पण घरात दिनदर्शिका असेल तर तारीख निवडायला एवढं पुरे. आणि पहिली बोट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर उत्तम, मार्चमध्ये फक्त सकाळ, पावसाळ्यात तर बंदच असतं.

काउंटरवर ७ वाजता तोच पोरगा. मला बघून जरा दचकला. फाइल उघडली, चाळली, परत चाळली. वहिनीचं सर्टिफिकेट गायब. म्हणे नवीन लागेल. वहिनीने पर्समधून प्लास्टिकचं फोल्डर काढलं, नवीन तारखेचं ओरिजिनल आणि वर तीन झेरॉक्स, आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "स्टेपलर आहे ना, की तोही पणजीहून आणू?" सुटलो ७:२०ला. तेवढ्यासाठीसुद्धा माझे पैसे वसूल.

८:३५ला गुहेपाशी. समुद्र तेलासारखा. बोट खडकापासून लांब नांगरली, गाईड पोरगा आधी रिंग आणि दोर घेऊन आत जाऊन आला. तीन-तीनजण. आत जॅकेट घालूनच, आणि त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही: लाट आली की जॅकेट तुम्हाला वर उचलतं, छत खाली असेल तिथे डोकं आपटतं, म्हणून गाईड सांगेल त्याच पट्ट्यात मधोमध राहायचं आणि एक हात डोक्यावर. दुसरी गोष्ट, भिंत धरायची नाही. कितीही वाटलं तरी. भिंतीवर कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी, दादाने धरली आणि तळहातावर तीन बारीक रेघा, खारं पाणी लागलं तसा जो ओरडला तो गुहेत चारदा ऐकू आला. पायात जुने कॅनव्हासचे बूट घाला, चपला वाहून जातात.

गुहा मोठी नाही. आमच्या ओसरीएवढी असेल, टोकाला निमुळती. पण आत शिरून मागे वळलं की उजेड वरून नाही, खालून येतो. पाणी हिरवं पेटल्यासारखं, आणि आपले पाय त्यात काळे हलताना दिसतात. आणि ती श्वास घेते. पाणी आत येतं तेव्हा कोपऱ्यातल्या कपारीतून हवा सुटते, हुं करून, मग पाणी मागे जातं तेव्हा टपटप टपटप सगळ्या भिंती गळतात. शिंपल्यांचा आणि ओल्या दगडाचा वास. ओम बडबड्या, तो पूर्ण वेळ गप्प होता. वहिनी शेवटच्या खेपेला आली, पाठीवर पडून राहिली, छताकडे बघत, आणि गाईडने चला म्हटल्यावर म्हणाली, अजून एक लाट. तीन लाटा राहिली. धाप नाही, खोकला नाही.

पाणी फोटोतल्यासारखं नितळ नसतं, ती अपेक्षा घरीच ठेवून या, दोन नद्यांचा गाळ तिथे येतो, चार-पाच मीटर दिसलं तरी नशीब.

राहिलेलं सांगते, आठवेल तसं. बोटीत टॉयलेट नाही, जेटीवरचं वापरून घ्या. ॲव्होमिन (बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी) निघायच्या तासभर आधी, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि सकाळी पाव-चहा बस्स, रस-ऑम्लेट परत आल्यावर. दादाच्या मास्कमध्ये सारखं पाणी जात होतं, कारण मिशी. मिशीवर व्हॅसलीन लावलं की थांबतं, हे मामांनी सांगितलं. मंगळसूत्र, अंगठ्या घरी. लहान मुलगा असेल तर बुकिंगमध्येच वय सांगा, आई किंवा बाबाची सही लागते, आत्याची चालत नाही, मी करून बघितली.

परत आलो तेव्हा पोरगा आमची वाटच बघत होता. हातात कागद. वहिनीचं जुनं सर्टिफिकेट, पंपवाल्याच्या फॉर्मला स्टेपल केलेलं सापडलं म्हणे. "ठेवू का मॅडम फाइलला?" वहिनीने ते हातातून काढून घेतलं, घडी घातली, आणि फोल्डरमध्ये ठेवलं.